शिवणीतलं पाणी

खापरखेड्याच्या सुमंत फोटोवाल्यानं पन्नाशी कवाच ओलांडली. लग्नं असली का लग्नाचे फोटो, नसली का पासपोर्टचे. पण नागपंचमी आली का तो मंडळाच्या लोकायसंगं नागद्वारच्या यात्रेले जाते. पचमढीच्या डोंगरात दिवसभर पाणी, पायाखाली चिखल, आन् तिथं भिजलेल्या माणसाले आपला फोटो पायजे म्हणजे पायजेच.

गेल्या साली त्यानं कॅमेरा युरियाच्या थैलीत गुंडाळून नेला. थैलीतलं प्लास्टिक फाटलं आहे, हे त्याले डोंगरात गेल्यावर समजलं. कॅमेरा गेला. औंदा कोणाचा तरी वापरलेला घेतला. हाही भिजला त लग्नाचा सीझन गेला, आन् या वयात दुसरं काही शिकाची ताकद आता उरली नव्हती.

परवा निघायचं, म्हणून बायकोले, वंदनाले, घेऊन तो कॅमेऱ्यासाठी बॅग पाहाले धरमपेठेच्या बाजारात आला. तीन दुकानं झाली. पाय दुखाले लागले. चौथ्या दुकानातल्या भैयाजीनं काळी, चेनवाली, लय कप्प्यायची बॅग समोर ठेवली.

"एकदम वॉटरप्रूफ, काकाजी. डोळे मिटून घ्या."

"मांगची थैलीबी डोळे मिटूनच घेतली होती यायनं," वंदना बोलली.

गावात नवी बादली पाहतेत तसं सुमंतनं केलं. बॅग पायरीवर नेली, चेन खोलली आन् बाटलीतलं पाणी आत ओतलं.

भैयाजी धावत आला. "काय करून राहिले हो! पाऊस बाहेरून येते, आतून नाही!"

"शिवण त एकच आहे न गा. जिथून जाते तिथूनच येईन."

बॅग धरून तो उभा राहिला. खालच्या शिवणीतून एक थेंब, मंग दुसरा, मंग धारच.

"आता ही ओली बॅग कोण घेईन?"

"पाण्याची बॅग पाण्यानं खराब होते काय, भाऊ?" वंदनानं इचारलं.

भैयाजी आत गेला आन् दुसरी घेऊन आला. बिनशिवणीची, टायरच्या ट्यूबसारखी जाड, तोंड गुंडाळून बंद करायची. यावेळी पाणी त्यानंच ओतलं. सुमंत पायरीवर बसला, बॅग मांडीवर घेऊन. दहा मिनिटं झाली. पँट कोरडीच.

"पण खरं सांगतो, काकाजी," भैयाजी बोलला. "यातून कॅमेरा काढाले टाइम लागते. बक्कल खोला, घड्या सोडा. तवरक समोरचा माणूस निघून जाईन."

सुमंतले थे समजलं होतं. डोंगरातल्या लोखंडी शिडीवरून माणूस वर येते, धापा टाकते, जरासा हासते. तोच फोटो लोकं घेतेत.

"अजी, मंग?" वंदना बोलली.

"अर्धे फोटो जातीन वं." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "जाऊ दे. माणसाले पुन्हा चढ म्हणता येते. भिजलेल्या कॅमेऱ्याले पुन्हा चाल नाही म्हणता येत."

त्यानं बॅग रस्त्यावर उपडी केली आन् आतून पुसाले भैयाजीजवळ फडकं मांगितलं.