कादर पेंटरची सही

जळगावात एके काळी दुकानाची पाटी रंगवायची म्हटली की लोक कादर पेंटरकडेच यायचे. पुढे फ्लेक्स आले, ब्रश वाळून गेले, आणि कादरभाईंनी पन्नाशीच्या तोंडावर माऊस हाती धरला. तेव्हापासून ते कॉम्प्युटरवर फ्लेक्सची डिझाइन करतात. एक सवय मात्र सुटली नाही. पाटी पुरी झाली की पेंटर उजव्या कोपऱ्यात सही करतो. वाढदिवस असो की श्रद्धांजली, फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ‘कादर पेंटर’ असणारच. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तरी असणार.

गेल्या ईदनंतर त्यांच्या मुलीने, महेकने, पुण्याहून त्यांना ओएलईडी मॉनिटर पाठवला. नव्या नोकरीचे पहिले पगार तिने त्यासाठी बाजूला ठेवले होते. स्क्रीन लागली आणि तिच्यावरचा काळा रंग बघून कादरभाई खुर्चीतून अर्धे उठलेच. जुन्या स्क्रीनवरचा काळा म्हणजे विटलेली छत्री. हा म्हणजे नुसतं काजळ.

पण दुसऱ्याचं सुख लोकांना बघवतं थोडंच! जो येई तो मान हलवून सांगे, “टीव्हीला ठीक आहे, कामाला नाही. डाग पडतात.” कुणी म्हणे दोन वर्षं टिकेल, कुणी म्हणे पाच. यांच्यातल्या एकानेही असली स्क्रीन वापरलेली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

महेकने फोनवर समजावलं, “अब्बा, यातला प्रत्येक ठिपका म्हणजे वेगळा दिवा. जो सारखा पेटता राहतो तो लवकर मंद पडतो. उजेड कमी ठेवा, एकच चित्र दिवसभर ठेवू नका. बाकी ती आपली काळजी आपण घेते.”

हे ऐकून कादरभाईंना भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. उन्हाने विटणाऱ्या पाट्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. लाल आधी उडतो, निळा चिवटपणे राहतो. पण स्वतःच्याच उजेडाने विटणारी पाटी? डाग शोधायला ते रोज सकाळी स्क्रीनभर सपाट करडा रंग पसरून, काचेला नाक टेकेल इतक्या जवळून बघू लागले. चहा घ्यायला उठले तरी स्क्रीन काळी करून जात.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या फ्लेक्सचा साचा ठरलेला असतो. वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग आणि प्रत्येक चेहऱ्याभोवती पांढरं कडं. चेहरे बदलत, कडी तीच. शेजारच्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं, “आमच्या भाऊंचा फोटो अजून मोठा घ्या” म्हणत. चहालाही उठायला सवड मिळेना. निकाल लागले, गर्दी ओसरली, आणि एका सकाळी त्या करड्या रंगावर कड्यांची अख्खी रांग उभी दिसली.

शेजारच्या दुकानातले लोटनआबा शिंपी, मूळचे शिंदखेड्याचे, डोकावून अहिराणीत म्हणाले, “निवडणूक व्हई गयी, तरी ह्या आठेच बठेल शेतस!”

नेते अजून इथेच बसलेत, या थट्टेवर कादरभाईंना हसू आलं नाही. ईद तोंडावर होती, महेक येणार होती. पोरीने एवढ्या हौसेने दिलेली वस्तू आपण वर्षभरात नासवली, हे तिला आपल्या डोळ्यांनी दिसणार होतं. शेवटी त्यांनी फोन लावला.

“माझ्या एका दोस्ताकडे तू दिलीस तशीच स्क्रीन आहे,” ते म्हणाले. “बिचारा फार जपतो. तरी डाग पडले.”

“असं?” महेक म्हणाली. “मग त्या दोस्ताला विचारा, दुकान बंद करताना ती कशी बंद करतो?”

“कशी म्हणजे? मेन पाडतो. आमच्या लाइनीत सगळेच पाडतात.”

ते खरं होतं. लाइनीतलं एक दुकान शॉर्टसर्किटने खाक झालं, तेव्हापासून मेन स्विच पाडल्याशिवाय तिथे कुणी शटर ओढत नसे. कादरभाई तर कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून खात्री करत.

महेक म्हणाली, “अब्बा, काम थांबलं की ती आतल्या आत ठिपके तपासून सारखे करते. त्याला वीज लागते. तुमच्या दोस्ताने वर्षभर तिला एकदाही झोपू दिलं नाही.”

कादरभाई कपाळावर हात मारून घेत मनापासून हसले. म्हणजे काळजीनेच घात केला होता!

त्या संध्याकाळी त्यांनी मॉनिटरची वीज चालू ठेवूनच शटर ओढलं.

“भाऊ, मेन पाडाना इसरी गयात का?” लोटनआबांनी विचारलं.

“नाही आबा. तिला झोपू देतोय.”

सकाळी कडी फिकी झाली होती. ईद येईपर्यंत शोधूनही सापडेनात. पण उजव्या कोपऱ्यात एक पुसट खूण काही केल्या हलेना.

ईदच्या दुसऱ्या दिवशी महेक दुकानात आली, तेव्हा कादरभाईंनी स्वतःच तो करडा रंग लावला. “दोस्ताबिस्ताचं काही नाही, बेटा. बघ. एवढं राहिलंच. तुझी वस्तू मी खराब केली.”

महेकने वाकून खूण वाचली आणि हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“किती वर्षं टिकेल ते मलाही सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “पण अब्बा, पाटी पुरी झाली की पेंटर सही कुठे करतो?”

“उजव्या कोपऱ्यात.”

“मग तुम्हाला दिलेल्या वस्तूवर दुसऱ्या कुणाची सही असायला हवी होती?”

कादरभाईंनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग नेहमीसारखं काचेला नाक टेकवून त्यांनी ती सही पुन्हा एकदा वाचली.