खणांची घोडी

पावसाळ्यात अणशीच्या सरकारी बंगल्यातल्या मेजांचे खण फुगायचे आणि उघडेनासे झाले की तासायला माझ्या, सुताराच्या, पडवीत यायचे. कागद अडकायचे साहेबाचे, कंबर मोडायची माझी. खण दगडावर आडवा ठेवायचा, समोर बसून बायकोनं तो पोटाशी धरायचा आणि मी रंधा मारायचा. प्रत्येक रेटा तिच्या अंगावर. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी हिवतापानं तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. आमच्या रानात हे दुखणं घरोघरी. पण वैदूनं तिच्या डाव्या बरगडीखाली चाचपून बजावलं, "हितं दणका बसला, तर बाई न्हाई राहायची."

मी घाबरलो. उळवीच्या देवाला नवस बोललो आणि खण धरायला लाकडी घोडी करायला घेतली. किंदळाच्या दोन फळ्या बाकावर ठोकल्या, टोकं हातभर बाहेर काढली. खण त्या टोकांवर अडकवला की सगळा रेटा फळ्या घ्यायच्या. हलू नये म्हणून मध्ये पाचर.

"आता तू पड जरा," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाली, आणि हात मोकळे झाले म्हणून इरलं घेऊन शेजाऱ्यांच्या लावणीला गेली! दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी भिंत धरत घरी आली. करायला गेलो एक नि झालं भलतंच. मी खूप ओरडलो.

"लावणी काय माज्यासाठी थांबती व्हय?" एवढंच तिचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी ती इरलं घ्यायला वळली, तेव्हा मी गुपचूप पाचर ढिली केली.

"अगं, घोडी डुगडुगतीया. वरनं नुसता हात ठेव."

तिनं खण हलवून पाहिला, पाचरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ठोका की ती."

"मोगरी घावंना."

मोगरी माझ्या मांडीशीच पडली होती. तिनं इरलं खुंटीला अडकवलं, खांबाला टेकून बसली आणि खणावर हात ठेवला. थोड्या वेळानं तिचा डोळा लागला.

खण केव्हाच बेताचा झाला होता. माझे हात भरून आले होते. मी रंध्याचं पातं आत घेतलं आणि नुसताच रंधा फिरवत राहिलो, आवाज थांबला तर ती उठेल म्हणून.