साठी एकीची, नावं सगळ्यांची

रेडिओवर बोलणाऱ्याच्या गळ्यात हार घालता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी राज्यमंत्री होतो. खातं असं होतं की त्याचं पूर्ण नाव पाठ व्हायच्या आत ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं. पुढे निवडणूक हरलो, त्याच्या पुढच्या वेळी तिकीटच मिळालं नाही. अशा रिकाम्या माणसाला परभणीतल्या एका लहानशा रेडिओ केंद्रानं विचारलं, दर रविवारी दुपारी जुन्या गाण्यांचा फर्माईशीचा कार्यक्रम कराल का? तुमचा आवाज चांगला आहे म्हणे. सभेत तो ऐकून लोक उठून जायचे, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतींना चिकटवलेला स्पंज आणि काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञ बाई. पहिल्या दिवशी मी सवयीनं सुरुवात केली, "व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर..." बाईंनी दचकून मागे वळून पाहिलं. उपस्थित त्या एकट्याच होत्या.

फर्माईशी मोबाईलवर यायच्या, बोलून पाठवलेल्या. गाणं एक आणि त्याच्या मागे अख्खं घर. ही नावं मी आमच्या राजकारणाच्या रीतीनं वाचायचो, म्हणजे मानाप्रमाणे. कर्ता पुरुष, थोरले भाऊ, घरात कुणी सरपंच असेल तर तो सगळ्यांच्या आधी. आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली यावरून पक्ष फुटलेले आहेत, त्यामुळे या कामात मी तयार होतो. वेळ संपत आली की उरलेल्यांचं "व समस्त परिवार" करून टाकायचं. लग्नपत्रिकेतही हेच करतात.

एका रविवारी पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वे गार्डची फर्माईश आली. बायकोची साठी होती, तिला झोपाळ्यावरचं एक जुनं गाणं फार आवडायचं. मी गार्डचं नाव घेतलं, त्यांच्या थोरल्या भावांची घेतली, बहिणीच्या यजमानांचं तर पंचायत समितीच्या माजी सदस्यत्वासह घेतलं. तेवढ्यात काचेपलीकडून हात हलला. व समस्त परिवार! गाणं सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड माझ्या दारात.

"साहेब, बायको पेडगावला तिच्या बहिणीकडं जाऊन बसलीय. येत न्हाई म्हणायलीय."

"का हो? काय झालं?"

"म्हणायलीय, साठी माझी, गाणं माझं, अन् मी समस्त परिवार व्हय? सारी गल्ली ऐकायली होती साहेब. तिनंच बोलावली होती, चहा करून."

त्यांचा चेहरा पाहून मला माझं तिकीट कापलं गेल्याचा दिवस आठवला. फरक एवढाच, की माझ्या घरी त्या दिवशी स्वयंपाक झाला होता.

नाव राहिलेल्या माणसाची समजूत कशी काढायची, याचं आमच्याकडे एकच औषध असतं. शाल आणि नारळ घेऊन मी पेडगाव गाठलं. वहिनींनी पाणी दिलं, शालीची घडी बोटांनी चाचपली आणि ती माझ्याकडे परत सरकवली.

"ही आमच्या माजी सदस्यांना द्या. त्यांचं नाव लय बेस वाचलं तुमी, लांबलचक."

"वहिनी, चूक झाली."

"रेडिओवर गेलेलं नाव शालीनं येतं व्हय? रेडिओवरच घ्या. माझं एकटीचं. अन् गाण्याच्या आधी भाषण न्हाई."

"मग याल ना पूर्णेला?"

"ऐकून ठरविते. हितं काय वाईट हाय? रातभर कुणी घोरत न्हाई."

रविवारी गार्ड इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत आले. दुसऱ्या खुर्चीवर त्यांना बसवलं आणि कानांना हेडफोन लावून दिला. मी माईकजवळ गेलो. जिभेवर "सौभाग्यवती" आलं होतं, त्यामागे यजमानांचं नाव, गाव आणि हुद्दाही रांगेत उभे होते. सगळे गिळले. फक्त वहिनींचं नाव घेतलं आणि गाणं लावायची खूण केली. ते शेवटपर्यंत वाजलं, मी मध्ये एकदाही बोललो नाही. माझी तब्येत बरी आहे ना, असं तंत्रज्ञ बाईंनी खुणेनं विचारलं.

गाणं संपलं आणि फोन आला. तो थेट प्रसारणात जोडला गेला.

"नाव नीट घेतलं," वहिनी म्हणाल्या. "ते शेजारी हायत का?"

गार्डनी माईक स्वतःकडे ओढला. "हाय की!"

"आठवडाभर काय खाल्लं?"

"पिठलं."

"रोज?"

"रोज."

सगळा जिल्हा ऐकत होता. पलीकडे बांगड्या वाजल्या, बहुधा पदर सारखा केला असावा.

"बरं. संध्याकाळच्या गाडीनं येते."

"ती गाडी नको, लेट असती. मीच येतो न्यायला, बसनं."

"जलम रेल्वेत गेला अन् बसनं येता?"

"लवकर पोचतो की!" गार्ड म्हणाले आणि हेडफोन कानांवरून गळ्यात सरकवून तसेच दाराकडे निघाले. तार ताणली गेली, टेबलावरचा माझा चहा आडवा झाला, आणि मी पुढची फर्माईश वाचायच्या आधी जिल्ह्यानं मला एका मतदाराच्या मागे "अहो, थांबा, थांबा" म्हणून धावताना ऐकलं.