नॉट म्हणजे नाही

"मॅडम, गुरुजी बोलले! सगळं बोलले!"

मी नुकताच डबा उघडला होता. काकू दारातच उभ्या होत्या, मागं व्हीलचेअरवर गुरुजी. सास्तूरहून एसटीनं धाराशिवला येऊन दोघं घामेजलेले. मी डबा बंद केला. स्पीच थेरपिस्टला अशा बातमीची धास्ती वाटते. ती बहुतेक वेळा खरी नसते.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. पक्षाघात झाला आणि वाचा गेली. आमच्या भाषेत ॲफेजिया. शब्द डोक्यात असतात, पण वेळेला हाताला लागत नाहीत. त्यात गुरुजी कशालाही होकाराची मान हलवायचे. चहा पाहिजे? मान हलायची. नको का? तरीही हलायची.

"काय बोलले?" मी विचारलं.

काकूंनी शाळेतल्यासारखा सूर लावला, "पॉट म्हणजे..."

आणि गुरुजी सुटले. "पॉट म्हणजे भांडं, हॉट म्हणजे गरम, कॉट म्हणजे खाट, नॉट म्हणजे नाही, डॉट म्हणजे ठिपका!" खणखणीत आवाज. शेवटी ओ-टी असलेले हे शब्द त्यांनी जन्मभर पोरांकडून घोकून घेतले होते. काकूंनीही घरात भाकरी थापताना ते ऐकलेले.

काकूंच्या डोळ्यात पाणी होतं. मला मात्र खरं ते सांगणं भाग होतं.

"काकू, हे घोकलेलं आहे. पाढे, आरती, शिव्या, हे मेंदूत वेगळ्या जागी असतं. ते आपोआप येतं. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

"मग कशाला म्हनायचं बोलनं?"

"पाहिजे त्या शब्दापाशी थांबता आलं, की."

त्या खाली बसल्या आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मुलगा महेश दोघांना पुण्याला न्यायला निघाला होता. सास्तूरच्या घराला कुलूप लावायचं ठरलं होतं. भूकंपानंतर मिळालेलं ते घर. त्याच्या अंगणात गुरुजींनी रोज संध्याकाळी पोरांना बसवलेलं. "म्या सांगितलं, त्यास्नी न्हाय यायचं. तर म्हनतो, आई, तूच त्यांच्या नावानं बोलतीस. मी इचारलं तर त्यांनी मान हलवली की."

महेशचं अगदीच चुकत होतं असं नाही. दर रविवारी पुण्याहून येऊन तोही थकला होता.

तेव्हापासून आमचं काम एकच. गुरुजींना थांबवायचं. मी गरम चहाचा कप पुढं करायची. ते "पॉट"पासून सुरू करायचे. "हॉट"वर मी हाताचा पंजा वर करायची. गुरुजी माझ्या पंज्याकडं बघत बघत थेट "ठिपका"पर्यंत जायचे. चहा गार व्हायचा. खाटेचं चित्र दाखवलं, तरी शेवटी ठिपका. एकदा कपावरून वाफ येताना "हॉट"पाशी जरा अडखळले. मग पुढं गेलेच. खरं सांगते, त्या ठिपक्याचा मला वैताग आला होता. घरी कुकरच्या शिट्ट्यांतही मला तेच ऐकू यायचं. सोडून द्यावं असंही वाटलं, पण काकू एसटीनं यायच्या थांबेनात.

एका रविवारी महेशच दोघांना गाडीतून घेऊन आला. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती.

"मॅडम, दवाखान्याचे कागद द्या. पुण्यात चांगला थेरपिस्ट बघतो."

"देते. पण माझ्यासमोर त्यांना एकदा विचारा."

तो वडिलांसमोर उकिडवा बसला. "आबा, पुण्याला येता ना आमच्याकडं?"

गुरुजींनी मान हलवली. महेशनं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात गुरुजी सुरू झाले. "पॉट म्हणजे भांडं, हॉट म्हणजे गरम, कॉट म्हणजे खाट, नॉट म्हणजे नाही."

आणि गप्प.

माझे दोन्ही हात टेबलाखाली होते, पंजा वर केलेला नव्हता. आम्ही तिघंही ठिपक्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

"मॅडम, अजून एक शब्द राहिला ना?" महेश हळूच म्हणाला.

"कायबी न्हाय राहिलं," काकू म्हणाल्या.

एकदा झालं ते चुकूनही असू शकतं. आमच्या धंद्यात पुन्हा विचारावंच लागतं. मी महेशला तशी खूण केली.

"आबा, पुण्याला जायचं?"

या वेळी पॉट नाही, हॉट नाही, कॉट नाही. ढ पोराकडं बघावं तसं गुरुजींनी मुलाकडं पाहिलं. "नॉट," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा, "नॉट म्हणजे नाही. नाही!"

महेश उठला आणि त्यानं व्हीलचेअर गाडीकडं वळवली. "चला आबा, सास्तूरला सोडतो."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता.

गुरुजी अजून फार बोलत नाहीत. काकूंचं नाव अजून तोंडी आलेलं नाही. पण "हॉट"पाशी आता थांबतात, त्यामुळं चहा गरम मिळतो. महेश रविवारी येतो आणि कुरकुरत परत जातो.

आमच्या कामात 'हो' फुकट मिळतं. 'नाही' मिळवायला मात्र फार दिवस जातात, आणि तेवढे दिवस कुणालातरी एसटीनं यावं लागतं.