वाडग्यावर ठेवलेला हात

आमच्या भिशीतली एक बाई कुठंही जेवायला गेली की पर्समधून जवसाच्या चटणीची डबी काढते आणि न विचारता सगळ्यांना वाढते. मी नको म्हटलं की म्हणते, "लाजू नको वं."

परवा आम्ही चौघी अमरावतीत रामेन खायला गेलो. मेनूतल्या चित्रावर बोट ठेवून मी पहिल्यांदाच माझ्या मनाचं काही मागवलं होतं. तो शेवयांचा रस्सा मला जसा होता तसाच चाखायचा होता. तिची डबी निघालीच. मी वाडग्यावर हात ठेवला.

"लाजू नको वं," म्हणत तिनं माझा हात उचलला.

मी तो परत ठेवला. "मले नको."

"मंग आधी सांगाचं ना, बाई."

इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते? पण तोवर ती शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पोरीकडे वळली होती. "घे वं, लाजू नको."