एका बादलीत धुतलेले हात

ऋचा आणि शंतनू,

ऋचाने परवा तिच्या नव्या खोलीतल्या बाथरूमचा फोटो पाठवला. खोली छान आहे. पण खिडकीत फरशी साफ करायच्या दोन बाटल्या दिसल्या. माझ्या हातांना काय झालं होतं ते तुमच्या बाबाने तुम्हाला अर्धंमुर्धं सांगितलं असणार. आता तुम्ही दोघंही आपापली घरं स्वतः साफ करता, म्हणून ते नीट सांगते.

औरंगपुऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून माझे तळवे पाहिले आणि म्हणाल्या, "इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस." म्हणजे एखाद्या रसायनाचा वारंवार संपर्क आल्याने कातडीचं वरचं आवरण झिजणं आणि आतल्या भागाचा दाह होणं. हा संसर्ग नव्हे. एकाचा दुसऱ्याला होत नाही.

"बरं होईल?" मी विचारलं.

"होईल. पण कारण सापडून ते थांबलं पाहिजे. नाहीतर मलमं बदलत बसू."

सुरुवात थंडीत झाली होती. बोटांच्या बेचक्यात खाज यायची. मी खोबरेल तेल लावलं. मग लाली आली, आणि पेरांवर भेगा पडल्या. लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बुरशी वाटली. मलम लावूनही फरक पडला नाही, तेव्हा मी जंतुनाशकाने हात जास्त वेळा धुऊ लागले. त्याने भेगा वाढल्या. हळूहळू कणीक मळणं, डब्याचं झाकण उघडणं, कुलपात किल्ली फिरवणं, सगळंच अवघड झालं.

आपली कांता, जी गंगापूरहून इथे आल्यापासून आपल्याकडे भांडी घासते, ती माझ्या पोळ्याही करू लागली.

"मोरी घासू द्या म्हणलं तर नाय. माझ्या हातची मोरी तुम्हाला पटंना," ती म्हणाली. "आता कणीक बरी चालती माझ्या हातची?"

"चालते. मीठ कमी घाल."

"बघा! हात गेले, पर तोंड शाबूत हाय बाईंचं."

तुमच्या बाबाने फोनवर सरळ सांगितलं, "आई, तुला कुलूप उघडता येत नाही, एकटी कशी राहणार? मे महिन्यात मी येतो. तोवर हे आटोक्यात आलं नाही, तर घर बंद करून तू आमच्याकडे यायचं." मी हो म्हटलं, कारण त्याचा मुद्दा बरोबर होता. मला जायचं नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यावर हे घर मी एकटीने चालवलं आहे, आणि ते मला जमतं.

डॉक्टरबाईंनी पॅच टेस्ट केली. निरनिराळ्या पदार्थांचे ठिपके असलेल्या चिकटपट्ट्या पाठीवर लावतात आणि कशाची ॲलर्जी आहे का ते पाहतात. पट्ट्या असेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नसतं. "पाणीटंचाईच्या आपल्या शहराला सोयीची तपासणी आहे," मी म्हटलं. बाई हसल्या. ॲलर्जी कशाचीच निघाली नाही.

मग त्यांनी मला उभं केलं. "मोरी कशी साफ करता, ते मला करून दाखवा. जसंच्या तसं."

मी दवाखान्यात हवेत ब्रश फिरवला. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे पांढरे थर फरशीवर चढतात, ते ॲसिडने काढावे लागतात. रबरी हातमोजे घालायचे, घासायचं, ब्रश धुवायचा, मोजे धुवायचे, काढायचे.

"मग?"

"मग हात धुते."

"कुठे?"

"बादलीत."

"कुठल्या बादलीत?"

"ब्रश धुतला त्याच. ते पाणी नंतर संडासात टाकायचं असतं. नळ आठवड्याने येतो, डॉक्टर, आणि बोअरला जेमतेम पाणी. तुमच्याकडे रोज येतो का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही हात ॲसिडमध्ये धुताय."

बाटलीवरची इंग्रजी सूचना मी वाचली होती. भरपूर पाण्याने धुवा, असं लिहिलं होतं. आमच्या घरात भरपूर म्हणजे एक बादली. तेच पाणी मोज्यांच्या आत जायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा कातडीला लागायचं. मोजे होते, म्हणून मला काळजी वाटत नव्हती.

उपचार साधे होते. स्टेरॉइडचं मलम, तेही डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. दिवसातून अनेकदा व्हॅसलीन. कामाच्या वेळी रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे. हातांसाठी स्वच्छ पाण्याचा वेगळा तांब्या. ॲसिड पूर्ण बंद. ऋचा, एक जास्तीचं सांगते: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

भेगा फार सावकाश भरल्या. बाबा आला तेव्हा कुलूप उघडत होतं, पण कणीक जमत नव्हती. पहिल्याच सकाळी तो अंघोळीला गेला आणि टॉवेल खांद्यावर घेऊन परत आला.

"आई, फरशीवर पांढरे थर चढलेत. तुला दिसत नाहीत?"

"दिसतात."

"मग?"

"मग काही नाही. असू देत."

त्याच्या लहानपणी ओल्या पायांचा एक ठसा मी राहू दिला नव्हता.

"दादा, म्या बी रोज इचारते," कांता ओट्यापासून म्हणाली, "बाईंची तब्येत बरी हाय ना म्हणून."

तो खूप हसला. संध्याकाळी त्याने माझं आधीच काढून ठेवलेलं तिकीट रद्द केलं. "ज्या दिवशी ही मोरी चकचकीत दिसेल," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला घेऊन जाईन."

डॉक्टरबाईंचे उपकार मी मानते. त्यांनी कारण विचारलं, आणि विचारून थांबल्या नाहीत, करून दाखवायला लावलं. तुम्हाला असं काही झालं तर डॉक्टरांना तुमच्या सवयी सांगा, लाज वाटली तरी.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत आणि थंडीत उलतात. कणीक मी मळते. मी इथेच राहते.