झाकणाची एकही तक्रार नाही

थर्मास बनवणाऱ्या एका कंपनीत ताई तक्रारींचे फोन घ्यायची. पूर्वी फोन घेणारी मंडळी अधूनमधून खाली कारखान्यात जात, साचेवाल्याला गाठून "अहो, ही कडी बोटाला लागते" असं तोंडावर सांगत, आणि कडी बदलायचीसुद्धा. मग वरच्यांनी ठरवलं, ज्याने त्याने आपापलं काम बघावं. ताईच्या वाट्याला आली एक स्क्रीन. तिच्यावर चार बटणं: गळती, तूटफूट, रंग उडणे, ग्राहकाची चूक. यातलं एक दाबलं की तक्रार बंद.

झाकण फिरत नाही, असे फोन रोज यायचे. बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. ताईच्या सासूबाईंचंही तेच रडगाणं. पण ना गळती, ना तूटफूट. ताई मनातल्या मनात चरफडत 'ग्राहकाची चूक' दाबायची.

नव्या थर्मासचा साचा पक्का होण्याआधी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "काहीतरी नवीन सुचवा, मोकळेपणाने!"

ताई उठलीच. "साहेब, झाकणाला पकड द्या. दुखऱ्या हातांना ते उघडत नाही."

साहेबांनी कागद चाळले. "झाकणाची एकही तक्रार नाही, ताई. आकडे तुमच्याच टेबलावरून आलेत."

"तसं बटणच नाही ना तिथे!"

"मग बटणासाठी वेगळं कळवा. आजचा विषय नावीन्य आहे."

शेजारचा हिशेबनीस पुटपुटला, "बसा ताई, चहा गार होतोय. थर्मासात नाहीये तो."

सगळे हसले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून तिने झाकणाची एकही तक्रार बंद केली नाही. उघड्या राहिलेल्या तक्रारींनी स्क्रीन लालेलाल झाली. आता तरी कुणी विचारेल, म्हणून ती वाट बघत राहिली. विचारलं कुणीच नाही. एका संध्याकाळी साहेबांनी आपल्या खोलीतून सगळ्या तक्रारी एका फटक्यात बंद केल्या, आणि जाता जाता म्हणाले, "विसरलात वाटतं! केलं मी."

पुढे नवा थर्मास बाजारात आला. प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक भेट. ताईने घरी येऊन तो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, झाकणाशी थोडी झटापट केली, आणि परत तिच्यापुढे धरला.

"रंग मात्र छान काढलाय हो तुमच्या कंपनीने. घे, उघडून दे."